३०५५ च्या जागी ५२००? आधी बिलाचं बोला

रिपेअरिंगचं दुकान टाकणारे हमखास विचारतात, "सर, जुन्या ॲम्प्लिफायरचा ३०५५ उडाला, ५२०० टाकू का? तो तर १५० वॉटचा!"

टाका. पण टेस्टिंगचे पैसे मागायची हिंमत नसेल तर टाकूच नका, हे माझं स्पष्ट मत.

काय होतं, २एन३०५५ हा संथ गडी. डेटाशीटवर २.५ मेगाहर्ट्झ, जुना माल त्याहूनही संथ. २एससी५२०० मात्र ३० मेगाहर्ट्झचा. सर्किट बांधलंय संथ गड्याच्या हिशोबानं. त्यात हा चपळ बसला की कधी कधी कानाला न कळणारं ऑसिलेशन सुरू होतं. गाणं छान वाजतं, हीटसिंक तापत राहतं.

एका मंडपवाल्याचं मशिन मी अर्धा तास वाजवून दिलं होतं. ऐन गणपतीत दुसऱ्याच दिवशी परत, नवे ट्रान्झिस्टर शॉर्ट. पैसे परत केले, तरी गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

आता आउटपुटचे सगळे ट्रान्झिस्टर एकदम बदलतो. सिरीज बल्बवर चालू करतो, एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजून बायस लावतो, मग स्कोपवर बघतो. कधी बेसला रेझिस्टर वाढवावा लागतो. (स्वस्तातला ५२०० बऱ्याचदा डुप्लिकेट निघतो, ती कटकट वेगळीच.) दोन तास सहज जातात. बिलात ते 'टेस्टिंग' म्हणून वेगळे लिहितो, आणि मशिन उघडण्याआधीच सांगतो. कुणी कुरकुरलं तर म्हणतो, काका, ३०५५ आजही मिळतो, तोच लावू.