भीड आणि वकीलपत्र

बँकेत असताना वसुलीच्या दाव्यांपायी मी कोर्टाच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या. तिथे वकील बदलायचा तर वरिष्ठांची एक सही पुरे. पण आईच्या घराचा दावा उभा राहिला आणि मी अडखळलो. वकीलसाहेब वडिलांचे जुने स्नेही. तारखेमागून तारीख पडे. विचारले की म्हणत, ‘‘होईल हो, काळजी कसली?’’ त्यांना नको कसे म्हणायचे, या संकोचात दोन वर्षे गेली. निकालाआधीच आई गेली.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नाही.

कायदा आपल्याला वाटतो तेवढा आडवा येत नाही. नव्या वकिलाने आधीच्या वकिलाची संमती घ्यायची. ती न मिळाल्यास कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागायची. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. गंमत म्हणजे तो वादही एका सहकारी बँकेचा आणि तिच्या वकिलाचाच होता!

म्हणून रागाच्या भरात उठावे आणि वकील बदलावा, असे मात्र नाही. उलटतपासणी आटोपल्यावर आलेल्या नव्या वकिलाला झालेल्या साक्षींवरच भागवावे लागते. केवळ वकील बदलला म्हणून साक्षीदारांना पुन्हा बोलावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिल्लीतील एका फौजदारी खटल्यात बजावले आहे. बदलायचाच तर साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी बदलावा.

आणि त्याआधी आपली फाइल स्वतः वाचावी. मी ती वाचली वकील बदलल्यावर. वाया गेलेल्या अकरा तारखांपैकी चार माझ्यामुळे गेल्या होत्या. मागितलेला मिळकतीचा उतारा मीच वेळेवर दिला नव्हता. जन्मभर कर्जदारांच्या फाइली बारकाईने तपासणाऱ्या माणसाने घरची फाइल उघडूनही पाहिली नव्हती!

कागद परत देताना वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, ‘‘माझ्याच्याने आता धावपळ होत नाही. तुम्ही आधी बोलला असतात, तर मीच दुसरं नाव सुचवलं असतं. वडिलांची आठवण म्हणून तुमचं काम सोडवत नव्हतं.’’

म्हणजे भीड दोन्हीकडे होती. तिची किंमत मात्र आईने मोजली.