आपली फेरीबोट, मावशींचं माहेर

गेल्या आठवड्यात आम्ही चार मित्र एक गाडी काढून कोकण किनाऱ्याने फिरून आलो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर, मग केळशी, आंजर्ले, दापोली, गुहागर आणि शेवटी गणपतीपुळे. फोटो टाकले, तुम्ही भरभरून लाइक केलेत, आभार. पण एक गोष्ट फोटोत आली नाही, ती लिहितोय. थोडं लांबलंय, तरी वाचा.

हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे की वाटेत तीन मोठ्या खाड्या आडव्या येतात. बागमांडला-वेश्वीला सावित्री, दाभोळ-धोपावेला वाशिष्ठी आणि तवसाळ-जयगडला शास्त्री. तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. आमच्यासाठी ट्रिपमधली सगळ्यात मजेची गोष्ट हीच. गार वारा, घिरट्या घालणारे पक्षी, मोबाईल बाहेर. बागमांडल्याहून सुटलो तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, "हे असंच राहायला पाहिजे यार. इथे पूल झाला की कोकण संपलं." मीही मान डोलावली.

शेजारी कापडी पिशवी घेऊन एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. म्हणाल्या, "तुम्हाला मजा वाटते हो बाबांनो. माझं माहेर या अंगाला, सासर त्या अंगाला. वडील रात्री गेले तेव्हा मी तिकडच्या काठावर उभी होते. शेवटची बोट गेलेली. समोर गावातले दिवे दिसत होते."

रस्त्याने जायचं तर मंडणगड, म्हाप्रळ, आंबेत, म्हसळा असा वळसा. रात्री गाडी मिळेना. सकाळच्या पहिल्या बोटीने त्या पोचल्या, तोपर्यंत सगळं उरकलं होतं. एवढं सांगून त्या पलीकडे बघत राहिल्या. आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही. सेल्फीही थांबल्या.

त्याच खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत. आपण त्यांचाही फोटो काढतो, छान येतो. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग ही कल्पना काही आजची नाही. 1980 ते 82 मध्ये मुख्यमंत्री असलेल्या बॅ. अंतुले यांच्या नावाशी ती जोडली जाते. ते स्वतः याच सावित्रीकाठच्या आंबेतचे. म्हणजे 40 वर्षं उलटून गेली. दरम्यान किती सरकारं आली, किती भूमिपूजनं झाली, ते तुम्हीच आठवा.

आता याच सावित्रीवरचा दुसरा पूल आठवा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं पुरात वाहून गेली. सगळा देश हळहळला. आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत!

नदी तीच, राज्य तेच. मुखाजवळ खाडी रुंद आहे, काम अवघड आहे, हे मान्य. पण 40 वर्षांचा फरक फक्त रुंदीचा नाही. महाडच्या पुलावरून मुंबई-गोवा जाते. बाणकोटच्या पुलावरून मावशी माहेरी जाणार. फरक एवढाच आहे.

माझ्या मित्राची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पूल आला की जमिनींचे भाव वाढणार, एजंट येणार, किनाऱ्यावर काँक्रीट चढणार. ज्याची वाडी होती तो तिथेच वॉचमन होणार. हे आपण इतर ठिकाणी पाहिलंय. पण एक सांगा, पूल नसताना जमिनी थांबल्यात का? 'सी व्ह्यू प्लॉट'चे बोर्ड आजही जागोजागी लागलेत. एजंटाला शेवटची बोट चुकली म्हणून काही बिघडत नाही, तो उद्या येतो. अडतो तो पेशंट. अडते ती बाळंतीण. पावसाळ्यात वारा सुटला की बोट बंद होते, तेव्हा अडतं अख्खं गाव.

किनारा जपायचाच असेल तर त्याचे उपाय वेगळे आहेत. वाळूत गाड्या घालणं बंद करा. सीआरझेडचे नियम खरंच पाळा. जमीन विकायच्या आधी घरात चार माणसांनी बसून बोला. आपण टुरिस्टांनी आपला कचरा गाडीत घालून परत न्यावा. आपल्याला निसर्ग हवा म्हणून तिथल्या माणसाने रात्री काठावर ताटकळत राहायचं, हा कुठला न्याय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एक, प्रत्येक जेट्टीवर बोर्ड लावा: पूल कधी सुरू, कधी पूर्ण, जबाबदार कोण. दोन, पूल होईपर्यंत रात्री पेशंटसाठी एक बोट आणि एक माणूस तयार ठेवा. तीन, पूल झाला की त्यावरून पहिल्या दिवसापासून एसटी सोडा. नाहीतर पूल आमच्यासारख्या गाडीवाल्यांचा होईल आणि मावशी पुन्हा काठावरच राहतील. आणि चार, इतकी वर्षं ज्यांनी आपल्याला पार नेलं त्या बोटीवरच्या पोरांच्या आणि जेट्टीवरच्या टपरीवाल्यांच्या पोटापाण्याचाही आधीच विचार करा.

वेश्वीला उतरल्यावर मावशींना गाडीतून घरापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाल्या, "पूल झाला की परत या रे. तेव्हा चहा पिऊन जा."

मित्र नंतर बराच वेळ गप्प होता. पार मंडणगड फाटा आल्यावर म्हणाला, "मी उगाच बोललो."

श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागरकडच्या मंडळींनी खाली जरूर लिहा. मी चुकत असेन तर तेही सांगा. पण तुमची शेवटची बोट कधी चुकली होती, ते नक्की लिहा.