गुण कुणाचे, जागा कुणाची

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील आणि कित्येक घरांत एक फाइल अजून टेबलावरच असेल: अधिवासाचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, नीटचे गुणपत्रक, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या दिवाळीपर्यंत लांबणे आता नित्याचे झाले आहे. फाइलीत सगळे असते, फीचा डीडी तेवढा नसतो. डॉक्टर कोण होणार हे आपल्याकडे नीटइतकेच तो डीडी ठरवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. त्यांतली १३ लाखांहून अधिक पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आत. खुल्या गटाची पात्रतेची रेषा पन्नासाव्या पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांच्या वरच्या अर्ध्यात आले की पुरे. त्यामुळे यादी जागांच्या दसपटीहून लांबते आणि पैशाला वाट मिळते ती इथेच. शासकीय जागा वरच्या क्रमांकांतच संपतात. पुढे अभिमत विद्यापीठे. अनेक ठिकाणी वर्षाची फी २० लाखांच्या वर. साडेचार वर्षांचे ९० लाख झाले, वसतिगृह आणि मेस वेगळी. ज्याला झेपत नाही तो बाजूला होतो, मागचा पुढे येतो, आणि असे सरकत सरकत काही लाखांच्या पलीकडचा क्रमांकही आत जातो. नियम कुठेच मोडत नाही. कॅपिटेशन फी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात बेकायदा ठरवली होती. तिचे काम आता रीतसर पावती करते.

संस्थाचालक म्हणतात, सरकारी अनुदान नाही, शेकडो खाटांचे रुग्णालय चालवायचे, प्राध्यापकांचे पगार द्यायचे, ते कुठून? खर्च खराच आहे. पण महाराष्ट्रात खासगी महाविद्यालयांचे हिशेब तपासून शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवते, अभिमत विद्यापीठे मात्र त्याच्या कक्षेबाहेर. रुग्णालय तेच, खाटा त्याच. मग वह्या दाखवायला हरकत का असावी? कर्ज आहे ना, असेही सांगितले जाते. साडेसात लाखांच्या पुढे बँक सहसा तारण मागते, आणि कोरडवाहू चार एकरांवर ९० लाख उभे राहत नाहीत. फी भरून शिकलेला वाईट डॉक्टर होतो, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याहून कितीतरी अधिक गुण मिळवून जी मुलगी यादीतून गळाली, तिच्याबद्दल बोलतो आहोत.

तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या आणि खासगी महाविद्यालयातली त्यांची फीही सरकारने उचलली. महाराष्ट्राने २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. पाऊल मोठेच, त्याचे मनापासून स्वागत. पण अभिमत विद्यापीठे त्यातूनही वगळली गेली, म्हणजे फी जिथे सर्वांत जड तिथे माफीच नाही. हे वगळणे रद्द व्हावे, त्या विद्यापीठांच्या निम्म्या जागा तरी शासकीय दराने भराव्यात, एवढी आमची मागणी आहे. तोवर ती मुलगी मिळालेली जागा सोडून, तीच पुस्तके घेऊन लातूरच्या रिपीटर बॅचला परत बसणार आहे.