व्यवसायाची वाट : भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला काम कोठे?

पदवी हाती आल्यावर मुलाने वा मुलीने "मला भाषाविज्ञान शिकावयाचे आहे" असे सांगितले, तर घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : यावर चरितार्थ चालेल का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ द्यावयास हवे. चालेल, परंतु केवळ पदवीच्या बळावर नव्हे, आणि ज्याला लवकर स्थिरावण्याची घाई आहे त्याचा तर नव्हेच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणजे दहा भाषा बोलणारा मनुष्य नव्हे. भाषा कशी घडते व कशी चालते, याचा तो पद्धतशीर शोध घेतो. 'चूल' आणि 'चिमणी' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण 'च' दोन्हीकडे निराळा. हा भेद आपण कोणी न शिकविता पाळतो. तो कोठून आला, कोणत्या बोलीत टिकला आणि कोठे पुसट झाला, हे अभ्यासकाने सांगावयाचे असते.

असे काम आपल्या देशात विपुल पडले आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत १७९ भाषा व ५४४ बोलींची नोंद होती. २०११ च्या जनगणनेत दहा हजार वा त्याहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा दाखविल्या आहेत. त्याहून लहान भाषांना त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बोलली जाणारी निहाली ही अशाच लहान भाषांपैकी एक. तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी अद्याप निश्चितपणे जुळलेले नाही. अंदमानातील बो ही भाषा बोलणारी अखेरची वृद्धा २०१० साली निवर्तली. आज त्या भाषेचे जे काही शिल्लक आहे, ते डॉ. अन्विता अब्बी यांच्यासारख्या संशोधकांनी वेळीच करून ठेवलेल्या नोंदींमुळे. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येत नाही, कारण तोवर बोलणारेच उरणार नाहीत.

हे काम कोणत्या संस्था करतात? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ साली पदव्युत्तर अध्यापन व संशोधन सुरू झाले. १९५० नंतरच्या दशकात तेथे भरलेल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांनी देशभरच्या तरुण अध्यापकांना नव्या पद्धतीची दीक्षा दिली. ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाचे काम तेथे १९४८ पासून चालू आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ साली स्थापन झाली. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची व्याकरणे व कोश तयार करण्याची केंद्र सरकारची योजना २०१३ साली तिच्याकडे सोपविण्यात आली. जनगणना खात्याचा भाषा विभाग कोलकात्यास आहे. दिल्ली, हैदराबाद, अन्नामलै, मुंबई इत्यादी विद्यापीठांत भाषाविज्ञानाचे अध्यापन होते.

अलीकडे यंत्राद्वारे भाषांतर व वाणी ओळखणे यांसाठीही भाषेच्या जाणकारांची गरज भासते. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ साली सुरू झाला, आणि हैदराबादच्या आयआयआयटीसारख्या संस्थांत या विषयावर संशोधन चालते. या वाटेने जाणाऱ्याने संगणकाचे प्रोग्रॅमिंग अवश्य शिकावे. वाचादोषांवरील उपचार हाही निकटचा व्यवसाय खरा, परंतु त्याला निराळी पदवी व नोंदणी लागते. तो भाषाविज्ञानाच्या एम. ए. वर करता येत नाही.

आता मार्ग पाहू. भाषाविज्ञानाच्या एम. ए. ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. त्यानंतर नेट परीक्षा. एम. ए. च्या आधारे बसणाऱ्यास सर्वसाधारण गटात ५५ टक्के गुण लागतात. राखीव गटांस सवलत आहे. या परीक्षेत वरच्या गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये अशी ठरविण्यात आली. पीएच. डी. ची वर्षे घरावर भार न टाकता काढावयाची, तर हाच मोठा आधार होय.

येथवर वाचून वाट सोपी वाटली असेल, तर तसे समजू नये. विद्यापीठांतील कायम जागा थोड्या आहेत व त्यांच्या जाहिराती नियमाने निघत नाहीत. मधल्या काळात बहुतेकांना प्रकल्प सहायकाचे, मुदतीच्या कराराचे काम करावे लागते. या कामात प्रवास घडतो, खेड्यापाड्यांत मुक्काम करावा लागतो, आणि करार संपताच पुढच्या कामाची चिंता उभी राहते. मुलगी निघाली असता हा प्रवास अनेक घरांना मोठा वाटतो. परंतु अंगणात वा चुलीजवळ बसून घरच्या स्त्रियांची बोली टिपून घेणे हे काम तिच्याच हातून अधिक सहज होते, हेही ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे वाढणारे मराठी मूल घरी एक व बाहेर दुसरी भाषा बोलते. तंजावरच्या मराठी कुटुंबांत तर कित्येक पिढ्या तमिळच्या शेजारी मराठी नांदत आली आहे. भाषा एकमेकींच्या सहवासात कशा बदलतात, हा या शास्त्रातील महत्त्वाचा विषय. त्याची सामग्री अशा घरांत रोज कानी पडते. अशा मुलांची मराठी 'बिघडली' म्हणून त्यांना टोकू नका. त्यांनी ती टिपून ठेवावी, असे सुचवा.

निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्या. मुलाने आजीच्या तोंडची शंभर वाक्ये जशीच्या तशी लिहून पाहावी. त्यात मन रमले नाही, तर हा विषय आपला नव्हे. नेटचा अभ्यासक्रम एम. ए. च्या प्रवेशापूर्वीच वाचावा. आणि पालकांनी पाच-सहा वर्षांची आर्थिक ओढ सोसण्याची आपली तयारी आहे की नाही, हे मुलांशी मोकळेपणाने बोलावे. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर निःशंक मनाने पुढे जाऊ द्यावे.