तरंगणारा मासा आणि न दिसणारे विष

पंचगंगेच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी होते, पाण्याचे नमुने घेतले जातात आणि चार दिवसांत विषय मागे पडतो. सांडपाणी आणि मळीमिश्रित पाण्यामुळे प्राणवायू संपतो, हे अशा वेळचे मोठे कारण; त्यावर बोललेच पाहिजे. पण डॉक्टर म्हणून मला मेलेल्यापेक्षा आजारी माशाची जास्त काळजी वाटते. तो तरंगत नाही, म्हणून दिसत नाही.

भांगलणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही. त्यामुळे उसात अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, २,४-डी आणि बांधावर ग्लायफोसेट मारणे नेहमीचे झाले आहे. फवारणीनंतर जोराचा पाऊस आला, की त्यातला काही अंश ओढ्यांवाटे नदीत उतरतो.

‘तणनाशक तणावरच चालते,’ हा समज अर्धवट आहे. ग्लायफोसेट वनस्पतीतील ज्या विकराला रोखते, तो प्राण्यांत नसतो, हे खरे. पण औषध पानाला चिकटावे म्हणून त्यात मिसळलेली काही रसायने माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. अ‍ॅट्राझिन शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण थांबवते. म्हणजे पाण्यात प्राणवायू तयार होणेच घटते. प्रयोगशाळांत अशा औषधांच्या संपर्कातील माशांचे कल्ले सुजलेले, यकृताच्या पेशी बिघडलेल्या आणि हालचाल मंदावलेली आढळली आहे. असा मासा लगेच मरत नाही. पण त्याला भक्ष्य पकडता येत नाही, अंडी कमी होतात आणि प्राणवायू थोडा घटला तरी तोच आधी दगावतो.

हा प्रश्न माशांपुरता नाही. नदीचे हेच पाणी गावोगावच्या नळांना येते. तुरटीने गाळ बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. विरघळलेले तणनाशक मात्र बरेचसे तसेच राहते. भूजलात उतरते म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये अ‍ॅट्राझिनची मान्यता नाकारली.

म्हणून मासे मेले की केवळ प्राणवायू मोजून थांबू नये. पाण्यातील तणनाशकेही तपासावीत, माशांचे कल्ले आणि यकृत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि अहवाल लोकांपुढे ठेवावा. शेतकरी बंधूंनीही लेबलवरचेच प्रमाण पाळावे, पावसाचे आभाळ असताना फवारू नये, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा आणि पंप ओढ्यात धुऊ नये.

रोगी दगावल्यावर कारण शोधणे हे शवविच्छेदन झाले. नदीला त्याआधीच्या तपासणीची गरज आहे.