पंक्चर घरीच काढा

रविवारी चाळीच्या गॅलरीत सायकल उघडून बसायचा आम्हाला जुना छंद आहे. पाना, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशन, पॅच आणि पंप एवढ्या साहित्यात पंक्चर घरी निघते.

ट्यूब बाहेर काढून हवा भरा व परातीतल्या पाण्यात फिरवा. बुडबुडे येतील तेथे खूण करा. ती जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ हात द्या आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, साधारण 5 मिनिटे, वाळू द्या. बहुतेकांची घाई येथेच नडते. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच सुटतो. पॅच दाबून बसवला की टायरच्या आतून जपून फडके फिरवा. काटा तेथेच राहिला, तर पॅच लावूनही ट्यूबला पुन्हा भोक पडते.

हे काम मुलाबरोबर मुलीलाही शिकवा. शाळा लांब असली आणि सायकल घरी पडून राहिली, की पहिला खाडा मुलीचाच होतो. तिच्या हाती पाना आला, तर एका काट्यापायी तिची शाळा बुडणार नाही.