तंबोरा आधी जातो

उतारवयात गाणं कानातून एकदम निघून जात नाही. आधी जातो तो तंबोरा. डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात बसलो की गायकाचा षड्ज मला नीट लागतो, डग्ग्याची घुमकही पोचते. पण तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट विरलेली असते. घरीही तेच. नात बोलतेय हे कळतं, पण ती ‘सात’ म्हणाली की ‘हात’, ते कळत नाही.

आतल्या कानाच्या शंखात सूक्ष्म केशपेशी असतात. शंखाच्या सुरुवातीला उंच नाद टिपले जातात, टोकाला खर्जाचे. वयानुसार सुरुवातीच्या पेशी आधी झिजतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे 140 हर्ट्झचा, म्हणून तो टिकतो. जवारीतून उमलणारे वरचे नाद हजारो हर्ट्झपर्यंत जातात, ते हरवतात. शिवाय हळू आवाज पोचत नाही आणि जरा चढला की तोच कानाला बोचतो. म्हणून घरच्यांनी ओरडू नये. समोर येऊन, सावकाश बोलावं.

श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी घडवलेलं असतं. तंबोऱ्याचा अखंड नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो दाबतं. बासरीचा लांबवलेला स्वर ही आपलीच शिट्टी समजून खोडू पाहतं. हळू आणि मोठा आवाज जवळजवळ आणतं, त्यामुळे गायकाचा नाजूक लगाव सपाट होतो. मग रसिक माणूस वैतागून यंत्र कपाटात ठेवतो.

माझं कळकळीचं सांगणं आहे, ठेवू नका. पहिल्याच भेटीत ऑडिओलॉजिस्टला सांगा, ‘मी गाणं ऐकतो.’ गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा, ज्यात गोंगाट आणि शिट्टी दाबणारी सोय बंद किंवा सौम्य असेल. वर्षानुवर्षं ऐकलेलं एखादं ध्वनिमुद्रण सोबत न्या, तिथेच ऐका आणि मनासारखं होईपर्यंत यंत्र पुन्हा जुळवून घ्या. दादरला गाडी बदलून वांद्र्याला गेलं, की 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था आहे. श्रवणदोषावर काम करणारी ही राष्ट्रीय संस्था. घरी सुरुवात एकट्या आवाजाच्या आलापाने करा. नव्या आवाजाची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढा वेळ त्याला द्या.

एक मागणी गावाकडेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठी ओलांडलेल्यांपैकी चौथाईहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडेल इतका श्रवणदोष असतो. शास्त्रीय गाण्याला डोंबिवलीत येणारा श्रोता पाहा. त्यात पांढरी डोकी किती असतात! सभागृहात तारेचं वेटोळं बसवलं, तर मंचावरच्या माइकचा आवाज टेलिकॉइल ही छोटी गुंडाळी असलेल्या श्रवणयंत्रात थेट उतरतो. जिन्याला कठडा लागतो, तितकीच ही सोय गरजेची आहे. संयोजकांनी ती करावी आणि आपण ती उघडपणे मागावी. आयुष्यभर ज्यांनी या गावातल्या मैफली भरवल्या आणि भरल्या, त्यांचा तो हक्क आहे.